कार्टमधल्या मालावर हक्क कोणाचा?

हैदराबादच्या बेगम बाजारासारख्या घाऊक पेठेत वाणसामानाची यादी व्यापाऱ्याच्या हाती देऊन, भाव ठरवून आणि विसाराची रक्कम मोजून गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरले, की तो माल त्याच्या नावे राखला गेला, मग दुसऱ्या दिवशी भाव चढो वा उतरो, अशी उभयपक्षी समजूत असे. काचीगुडा व सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी घरांतली जुनी माणसे आता नातवाच्या मोबाइलवर फराळाचे सामान ‘कार्टमध्ये टाकतात’, तेव्हा त्यांच्या मनात नकळत हीच समजूत वावरत असते. आणि नेमकी तीच तेथे गैरलागू ठरते.

ज्या ॲमेझॉनने २०१९ साली याच शहराच्या नानकरामगुडा भागात पंधरा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांसाठी भव्य इमारत उभारली, तिच्या दुकानातही कार्टमध्ये ठेवलेली वस्तू राखून ठेवली जात नाही, व तिची किंमत वस्तू ठेवली त्या दिवसाची नसून पाहाल त्या वेळची असते. रात्री निवडलेला प्रेशर कुकर सकाळी महागलेला आढळतो. वर बारीक अक्षरांत जुनी व नवी किंमत देणारी सूचना असते, पण ती वाचायची तसदी सहसा कोणी घेत नाही. ‘नंतरसाठी ठेवा’ ही सोय मात्र खरोखरच उपकारक आहे, कारण तिच्यामुळे मोहाने उचललेली वस्तू बेरजेतून बाजूला होऊन प्रकरण तहकूब राहते. मोफत घरपोच सेवेसाठी आणखी अमुक रुपयांची खरेदी करा, या आर्जवाला बळी पडून नको असलेली साबणवडी घेणाऱ्यांनी (त्यात सुशिक्षितांचा भरणा मोठा असतो) या सोयीचा आश्रय अवश्य घ्यावा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या क्लृप्त्यांची नोंद असून, संमतीवाचून खरेदीत जादा वस्तू, विमा वा देणगी घुसडणे आणि टंचाईचा खोटा धाक घालणे या दोन्ही त्यांत स्पष्टपणे निषिद्ध मानल्या आहेत. हे योग्यच झाले. परंतु कार्टमधील वस्तूचा भाव कोठवर कायम राहील, हे ग्राहकाला आधी सांगण्याची सक्तीही त्यांत हवी होती. चित्रपटाचे तिकीट काढताना निवडलेली खुर्ची काही मिनिटे आपल्यासाठी अडवून धरली जाते आणि उरलेली मुदत पडद्यावर दिसत राहते, त्याअर्थी तांत्रिक अडचणीची सबब टिकणारी नाही. लक्षावधी लोक कार्ट भरून तशीच सोडून देतात, त्यांच्यासाठी माल अडकवून कसा ठेवावा, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप मात्र रास्त आहे. तेव्हा माल राखू नये हवे तर. पण प्रत्येक वस्तूसमोर ‘ही राखलेली नाही, किंमत बदलू शकते’ एवढी ओळ ठळक व मराठी-तेलुगूतही छापण्याचा हुकूम प्राधिकरणाने काढावा.