शेजारची फ्रेम

परवा घरी पार्टी होती. ऑफिसमधला एक मित्र हातात ग्लास घेऊन हॉलभर फिरला आणि भिंतीवरच्या दोन फ्रेम्ससमोर थबकला. ‘‘हे काय गं? शाळेतला भूगोल?’’ म्हटलं, ‘‘अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा लष्करी नकाशा आहे, ओरिजिनल.’’ किंमत ऐकून त्याचं तोंडच उघडं राहिलं. ‘‘एवढ्यात गोव्याची ट्रिप झाली असती!’’ मग दुसऱ्या फ्रेमकडे बोट. ‘‘आणि हा?’’ ‘‘तो डुप्लिकेट.’’ ‘‘मग तो कशाला लावलायस?’’

तर मंडळी, आजचा कॉलम या प्रश्नाचं उत्तर आहे. पार्टीत ते सांगायला वेळ नव्हता.

हे वेड लागलं व्हर्जिनियात. मी रिचमंडला प्रोजेक्टवर होते. वीकएण्डला बाकीची गँग मॉलमध्ये आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानांत! रिचमंड म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची त्या वेळची राजधानी. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, त्यातले बरेचसे रोगराईने. शहराबाहेर कुठेही गाडी काढा, तासाभरात एखादं रणांगण लागतंच.

मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. स्वतःच्याच देशात लढणाऱ्या या सैन्यांकडे धड नकाशे नव्हते! १८६२ च्या वसंतात उत्तरेचा जनरल मॅक्लेलन रिचमंडवर चालून निघाला, तेव्हा त्याच्या नकाशात वॉरविक नदी वाटेला समांतर दाखवली होती. प्रत्यक्षात ती वाटेत आडवी! लाखभर माणसांचं सैन्य तिथे अडकून पडलं.

त्याच मार्चमध्ये दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने जेडेडाया हॉचकिसला बोलावलं. हा मूळचा न्यूयॉर्कचा शाळामास्तर, व्हर्जिनियात येऊन स्थायिक झालेला. हुकूम एवढाच, की शेनानडोआ खोऱ्याचा नकाशा कर, हार्पर्स फेरीपासून लेक्सिंग्टनपर्यंत. घोड्यावरून फिरत, वहीत रेघा ओढत मास्तरांनी जो नकाशा केला, तो अडीच मीटर लांबीचा आहे! आज तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलला शत्रूच्या बगलेवर जायचा आडरस्ता शोधला, त्यातही हॉचकिस होताच. त्या वाटेने जॅक्सन बारा मैल चालून गेला आणि लढाई फिरवली. त्याच रात्री त्याच्याच सैनिकांच्या गोळ्या त्याला चुकून लागल्या आणि आठ दिवसांनी तो गेला.

उत्तरेकडचे लोक तर टेक्नॉलॉजीत सॉलिड पुढे. कॅप्टन मार्गेडंट याने छावणीतच उन्हावर नकाशाच्या प्रती छापायची सोय केली होती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा. १८६४ च्या अटलांटा मोहिमेत घोडदळाला मलमलीवर छापलेले नकाशे दिले होते. कोंबा खिशात, मळला की धुवा!

आपल्यासारख्या पगारदारांना असले नकाशे झेपत नाहीत. आपला फंडा म्हणजे ‘ऑफिशियल ॲटलास’. अमेरिकन सरकारने १८९१ ते १८९५ या काळात दोन्ही बाजूंचे लष्करी नकाशे गोळा करून ते छापले. न्यूयॉर्कच्या ज्युलियस बीनच्या छापखान्यातली अप्रतिम रंगीत लिथोग्राफी. हॉचकिसचे शंभरावर नकाशे त्यात आहेत. याचे सुटे कागद बाजारात मिळतात. माझ्या भिंतीवरचा ओरिजिनल हा त्यातलाच एक. नवशिक्यांनी एक मात्र लक्षात ठेवावं, या ॲटलासची पुनर्मुद्रणं विसाव्या शतकातही निघाली आहेत. म्हणून भिंग जवळ हवंच. भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे एकसारखे ठिपके दिसले, तर पाकीट परत पर्समध्ये. आणि घेतल्यावर सेलोटेप, लॅमिनेशन, थेट ऊन या तिन्हीपासून कागद लांब ठेवायचा.

कुणी म्हणेल, त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध? अहो, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि भाव मिळाला आपल्याकडच्या कापसाला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचे राजे झाले. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि त्याच वर्षी मुंबईचा तो फुगाही फुटला. नकाशातल्या त्या किनाऱ्यावरून बोट फिरवताना मला राजाबाई टॉवर आठवतो. प्रेमचंदांनी तो आईच्या नावाने बांधवला.

आता शेजारची फ्रेम.

दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याने मला हाताने काढलेला नकाशा दाखवला. ए-फोर पेक्षा थोडा मोठा कागद, तपकिरी पडलेली शाई. एक रस्ता, दोन ओढे, एक गिरणी, आणि घराघरापुढे मालकाचं नाव. कुणीतरी मांडीवर वही ठेवून काढलेला. किंमत माझ्या आवाक्याच्या बरीच वर होती. मी चार महिने बाहेरचं जेवण, सिनेमा, सगळं बंद केलं आणि घेतला. कुठून आला विचारलं, तर म्हणाला, ‘‘एका जुन्या घराण्यातून.’’ मी पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं.

फ्रेम करायला नेला, तर फ्रेमवाल्याने कागद उजेडासमोर धरला. ‘‘हा कोपरा पातळ झालाय. खरवडलाय कुणीतरी.’’ घरी येऊन नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला. लंबगोल शिक्का उमटला. अर्धवट अक्षरं, पण एका लायब्ररीचं नाव कळण्याइतकी.

तीन आठवडे मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. मनाला हजार कारणं दिली. लायब्ररीनेच जुना माल काढून विकला असेल. मी थोडाच चोरलाय? माझ्यासारखं जपेल कोण? त्याच काळात एक जुनी बातमी पुन्हा वाचली. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या लायब्ररीत नकाशांचा एक नावाजलेला व्यापारी पकडला गेला, तो फरशीवर सापडलेल्या एका ब्लेडमुळे. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. घेणारे चांगल्या घरांतलेच होते. मी विचारलं नव्हतं, तसंच त्यांच्यातल्या काहींनीही विचारलं नसेल.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, तो तरी पैशांचा विचार करेल. तो म्हणाला, ‘‘अगं, परत केलास तर पैसे एकदाच जातील. ठेवलास तर रोज त्या कोपऱ्याकडे बघशील.’’

लायब्ररीला लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. जुन्या यादीत नोंद होती आणि पाकीट रिकामं होतं. नकाशा गेल्याचं त्यांना माझं पत्र येईपर्यंत माहीतच नव्हतं. मी स्वतः नेऊन दिला. व्यापाऱ्याने आधी फोन घेतला नाही, मग अर्धे पैसे परत केले. बाकीचे बुडाले.

नकाशा घेणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी तो टेबलावर पसरला आणि घरमालकांच्या नावांवरून पेन्सिल न टेकवता बोट फिरवलं. म्हणाल्या, या शेतांवर राबणाऱ्या गुलामांची नावं इथे नाहीत. पण आमच्याकडे शेतांचे हिशेब आहेत, त्यात ती आहेत. लोक आपले पूर्वज शोधत येतात तेव्हा नाव मिळतं, जागा मिळत नाही. ती या कागदावर आहे.

माझ्या ड्रॉवरमध्ये हे दोन कागद कधीच एकमेकांना भेटले नसते.

महिन्याभराने पोस्टाने एक छान रंगीत प्रत आली. तीच शेजारची फ्रेम. तेव्हापासून नियम एकच. वस्तू कितीही आवडो, ‘‘कुठून आली?’’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा आणि उत्तर कागदावर मागायचं.

मित्राला हे सगळं सांगायचं राहिलंय. पुढच्या पार्टीला बोलावते आणि सांगते. गोव्याची ट्रिपही डोक्यात आहेच!