गाणे देशाचे की भाषेचे?

उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील सगळ्या देशांची मिळून एक गीतस्पर्धा भरवायचे उद्या ठरले, तर पहिला वाद कशावरून होईल? बक्षिसाच्या रकमेवरून होणार नाही, परीक्षक कोण यावरूनही होणार नाही. पहिला वाद होईल तो गाणे कोणत्या भाषेत म्हणायचे यावरून. ही स्पर्धा आज केवळ कल्पनेतली आहे. तरीही तिचा विचार करणे निरर्थक नाही. कारण देशाची सीमा आणि भाषेची सीमा एकच असते हा समज किती भाबडा आहे, हे अशा स्पर्धेत जेवढे स्पष्ट दिसते तेवढे क्वचितच कुठे दिसते. सीमाभागातील वाचकांना तर हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आधी हिशेब पाहू. अमेरिका खंडात ३५ स्वतंत्र देश आहेत. त्यांपैकी १८ देशांचा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. ब्राझील एकटा पोर्तुगीज. सुरिनाममध्ये डच. हैतीत फ्रेंच आणि क्रिओल. उरलेल्या १४ देशांत इंग्रजी, त्यातही कॅनडात इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच. म्हणजे सरकारी दफ्तर उघडले तर पाच-सहा भाषांत खंडाचे काम आटोपते. यातली हैतीची क्रिओल सोडली, तर बाकी साऱ्या भाषा समुद्रापलीकडून आलेल्या!

पण हा झाला कागदावरचा हिशेब. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशखेरीज ३६ मूळ भाषांना अधिकृत मानले आहे. मेक्सिकोत अशा ६८ भाषांची सरकारदरबारी नोंद आहे. पेरूने केचुआ भाषेला अधिकृत दर्जा दिला तो १९७५ साली. हैतीत जवळजवळ प्रत्येक माणूस क्रिओल बोलतो, फ्रेंच बोलणारे थोडे. तरी क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीचा अधिकृत मान मिळायला १९८७ ची घटना यावी लागली. पॅराग्वेची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथे घराघरांत ग्वारानी भाषा चालते, बाजारात चालते, आणि मूळ रहिवाशांचे रक्त नसलेली माणसेही ती बोलतात. तरीही शाळेत ग्वारानी बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत असे. १९९२ च्या घटनेने ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत झाली. आता पॅराग्वेचा गायक आपल्या कल्पनेतल्या स्पर्धेत उभा राहिला, तर त्याने कोणत्या भाषेत गावे? देशाने अर्ज भरला त्या भाषेत, की त्याच्या आईने त्याला निजवले त्या भाषेत?

युरोपचा धडा

हा प्रश्न नवा नाही. युरोपातील देशांची गीतस्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनिशी सुरू झाली, आणि २०२० चा अपवाद सोडला तर ती दरवर्षी होत आली आहे. आपल्याच भाषेत गायचे, हे सुरुवातीला इतके गृहीत होते की तसा नियम करण्याची गरज कोणाला वाटली नाही. १९६५ साली स्वीडनचा गायक इंग्रजीत गायला आणि १९६६ पासून नियम आला: प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय भाषेतच गाणे सादर करावे. १९७३ साली हा नियम सैल केला. लगेच १९७४ साली स्वीडनच्या ‘आबा’ या वाद्यवृंदाने इंग्रजी गाणे गाऊन पहिला क्रमांक पटकावला. १९७७ साली नियम पुन्हा आला आणि १९९९ पासून कायमचा उठला.

नियम उठल्यावर काय झाले? १९९९ ते २००६ ही आठ वर्षे पाहा. स्वीडन, डेन्मार्क, एस्टोनिया, लाटव्हिया, तुर्कस्तान, युक्रेन, ग्रीस आणि फिनलंड हे आठ देश ओळीने जिंकले. यांपैकी एकाही देशाची भाषा इंग्रजी नाही, आणि विजयी ठरलेले प्रत्येक गाणे मात्र सर्वस्वी किंवा मुख्यतः इंग्रजीत होते. तुर्कस्तान कित्येक वर्षे तुर्की भाषेत गाऊन हरला आणि इंग्रजीत गाऊन पहिल्यांदा जिंकला. त्याच वर्षी, म्हणजे २००३ साली, बेल्जियमचे गाणे केवळ दोन गुणांनी मागे राहिले. त्या गाण्याची भाषा कोणती होती? कोणतीच नाही! बेल्जियममध्ये डच आणि फ्रेंच भाषकांचा जुना तंटा आहे. गाण्याचे शब्द मात्र सरळ बनावट, जगात कोणीही न बोलणाऱ्या भाषेतले रचले होते. दोन भाषांच्या भांडणात तिसरी, नसलेली भाषा मंचावर गेली आणि दुसरा क्रमांक घेऊन आली.

‘ज्याला ज्या भाषेत गायचे त्या भाषेत गाऊ द्या, सक्ती कशाला?’ हे वाक्य ऐकायला फार उदार वाटते. परंतु मोकळीक ही बलवानाच्या सोयीची असते. मैदान सगळ्यांना खुले ठेवले की ज्याच्याकडे घोडा आहे तो पुढे जातो आणि पायी चालणाऱ्याला म्हणतात, तुला कोणी अडवले होते? युरोपात कोणी तुर्की वा फिनिश भाषेवर बंदी घातली नव्हती. त्या भाषांनी आपण होऊन पाय मागे घेतला, आणि असे आपण होऊन पाय मागे घेणे बंदीपेक्षा अधिक घातक असते. कारण त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

मग सक्तीचा नियमच बरा काय? तेही नाही. ‘राष्ट्रीय भाषा’ म्हटले की ती ठरवणार कोण, हा प्रश्न येतो. ज्याच्या हाती राजधानी, त्याची भाषा राष्ट्रीय. या नियमातही न्याय कसा करता येतो, हे स्वित्झर्लंडने दाखवले. त्या देशात चार राष्ट्रीय भाषा आहेत. त्यांतली रोमान्श ही सर्वांत लहान. शंभर माणसांत तिचा एकही भाषक भरत नाही. पण १९३८ साली तेथील जनतेने मत देऊन तिला राष्ट्रीय भाषा ठरवले होते, आणि १९८९ साली स्पर्धा स्वतःच्याच भूमीवर असताना स्वित्झर्लंडने रोमान्श भाषेतले गाणे पाठवले. ते पहिले आले नाही. पण डोंगरातल्या काही हजार घरांत त्या रात्री आपली बोली सगळ्या युरोपला ऐकू गेली, याची किंमत कोणत्या गुणांत मोजायची?

अमेरिकेतला अनुभव

अमेरिका खंडातही असा प्रयोग होऊन गेला आहे. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतील दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेने १९७२ साली माद्रिदमध्ये ‘ओटीआय’ नावाची गीतस्पर्धा सुरू केली. सन २००० मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे ती शेवटची झाली. ही मुळात स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन भाषांची स्पर्धा होती, आणि विजयी गाणीही याच दोन भाषांतली. नाहुआटल, केचुआ, ग्वारानी या कोट्यवधी कंठांतल्या भाषा मानकरी म्हणून तिथे कधी मिरवल्या नाहीत.

तरी या स्पर्धेतून शिकण्यासारखे तीन प्रकार आहेत. पहिला ब्राझीलचा. लॅटिन अमेरिकेत पोर्तुगीज भाषक देश एकटा, बाकी सारे स्पॅनिश. मतांचा हिशेब मांडला तर ब्राझील कधी जिंकू नये. पण १९७२ सालच्या पहिल्याच स्पर्धेत ब्राझील पोर्तुगीज गाणे गाऊन पहिला आला, आणि १९८३ साली वॉशिंग्टनमध्ये पुन्हा जिंकला. म्हणजे शेजाऱ्याची भाषा कानावर पडू दिली, तर कान बंद राहतातच असे नाही.

दुसरा प्रकार पोर्तो रिकोचा. हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ताब्यात आहे. ते स्वतंत्र राष्ट्र नाही. पण या स्पर्धेत त्याचे नाव वेगळे होते, त्याचा गायक वेगळा होता आणि १९७४ साली ते जिंकलेही. तेथील विधिमंडळाने १९९१ साली स्पॅनिश ही एकमेव अधिकृत भाषा ठरवली. सत्ता बदलताच १९९३ साली इंग्रजी पुन्हा जोडीला बसवण्यात आली. कायदे असे येतात आणि जातात. बेट मात्र बोलते स्पॅनिशच आणि गातेही स्पॅनिशच. याच बेटावरच्या बॅड बनी या गायकाचा संपूर्ण स्पॅनिश गीतसंग्रह २०२० साली अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. सर्वस्वी स्पॅनिश संग्रहाच्या बाबतीत असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

तिसरा प्रकार खुद्द संयुक्त संस्थानांचा. तोही देश ‘ओटीआय’ स्पर्धेत उतरत असे, आणि गात असे स्पॅनिशमध्ये! तेथील स्पॅनिश भाषक वाहिनी आपल्या माणसांतून गायक निवडी. फलकावर नाव अमेरिकेचे, गळ्यात भाषा स्पॅनिश. त्यामुळे अमेरिकेचे तुकडे पडले नाहीत, की कोणाच्या देशनिष्ठेवर बोट ठेवले गेले नाही. मार्च २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला. आदेश काढणाऱ्यांनी हा जुना फलक एकदा आठवून पाहायला हरकत नव्हती.

मग नियम कोणता?

आमचे मत असे, की अशी स्पर्धा कधी झालीच तर तिचे दोन नियम असावेत. पहिला: त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाता यावे, ती सरकारी यादीत आहे की नाही हे विचारू नये. दुसरा: ज्या देशात एकाहून अधिक भाषा नांदतात, त्याने ओळीने तीन वर्षे एकाच भाषेतले गाणे पाठवू नये.

यावर कोणी म्हणेल, ही पुन्हा सक्तीच झाली. झाली खरी, पण ती गायकावर नाही, निवड करणाऱ्यावर आहे. गायकाने आपल्या भाषेत गावे. त्याची पाळी येईल हे पाहणे कारभाऱ्यांचे काम. हे अव्यवहार्यही नाही. युरोपातील स्पर्धेत बेल्जियमच्या डच आणि फ्रेंच वाहिन्या आळीपाळीने गाणे पाठवतात. घरात कितीही भांडणे असली तरी पाळी कोणाची यावर ते अडत नाहीत.

मात्र स्पर्धा, बक्षीस आणि पाळी यांनी भाषा जगते, असा भ्रम नको. याला साक्ष त्रिनिदादची आहे. १८४५ पासून त्या बेटावर भारतातून मजूर नेले गेले. त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे, भोजपुरी बोलणारे. लग्नातली, बारशातली गाणी त्यांनी बरोबर नेली. पुढे त्यातूनच ‘चटनी’ नावाचा गानप्रकार उदयाला आला आणि १९७० च्या सुमारास सुंदर पोपो या गायकाने तो घरोघरी पोहोचवला. आज चटनीच्या जंगी स्पर्धा होतात, ढोलक आणि धनताल घुमतात, हजारो लोक नाचतात. पण गाण्यातली भोजपुरी मूठभर शब्दांपुरती उरली आहे, बाकी इंग्रजी. नातवंडे आजीचे गाणे म्हणतात, पण आजीशी ज्या भाषेत बोलायचे ती भाषा त्यांना येत नाही. शेजारच्या सुरिनाममध्ये मात्र तशाच मजुरांच्या वंशजांनी आपली सरनामी बोली घरात चालू ठेवली, म्हणून ती आजही जिवंत आहे. एका ठिकाणी गाणे उरले आणि बोली गेली. दुसऱ्या ठिकाणी बोली उरली, म्हणून गाणेही उरले.

सीमेवरच्या माणसाने यातून घ्यायचे ते एवढेच. गाण्याला दुसऱ्याच्या भाषेचे वावडे नसते. पंडित भीमसेन जोशी यांनी मराठी अभंग गायले आणि कन्नड दासपदेही गायली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांनी दोन्ही डोक्यावर घेतली. शेजारच्या भाषेतले गाणे ऐकल्याने आपली भाषा कमी होत नाही. ती कमी होते ती आपण आपल्या लेकरांशी दुसऱ्याच भाषेत बोलू लागलो म्हणजे. फलकावर कोणत्या राज्याचे वा देशाचे नाव लागावे हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. त्यासाठी झगडावे लागते आणि तो झगडा पिढ्या खातो. पण उंबऱ्याच्या आत कोणती भाषा नांदेल, हे ठरवायला कोणत्याही सरकारचा आदेश लागत नाही. पॅराग्वेच्या शाळेत छड्या खाल्लेल्या पोरांनी घरी जाऊन ग्वारानीच बोलणे चालू ठेवले, म्हणून १९९२ साली घटनेला तिचे नाव लिहावे लागले. आधी घर, मग घटना, आणि स्पर्धेचा मंच त्याच्याही नंतर. हा क्रम उलटा करू पाहणाऱ्यांच्या हाती शेवटी नुसता ढोलक उरतो.