मदत हवी ती सुटताना

विजेच्या सायकलीची जाहिरात वाचली तर तिच्यात दोन आकडे ठळकपणे छापलेले आढळतात. एक वेगाचा आणि दुसरा एका चार्जिंगमध्ये कापावयाच्या अंतराचा. ही सायकल सिग्नलवरून सुटते कशी, हा प्रश्न विक्रेता काढीत नाही आणि ग्राहकही विचारीत नाही. वास्तविक सायकलीवरचे खरे कष्ट तेथेच असतात.

थोडा हिशेब मांडून पाहावा. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन धरले, तर उभ्या स्थितीतून ताशी १५ किलोमीटरचा वेग घेण्यास जी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेत सपाट रस्त्यावर त्याच वेगाने साधारण साठ मीटर जाता येते. ब्रेक दाबताच ती वाया जाते. पाच किलोमीटरच्या वाटेत पंधरा वेळा थांबावे लागले, तर अंगावर जवळजवळ एक किलोमीटर जादा पडतो. शिवाय हे श्रम पाच-सहा सेकंदांत करावे लागतात, आणि चाळिशी उलटलेले गुडघे त्याची नोंद ठेवतात. पुण्याचा सायकलस्वार स्कूटरकडे का वळला, याची कारणे अनेक आहेत. त्यांत हे एक निश्चित आहे.

प्रस्तुत लेखकाने पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढताना अशा दोन सायकली चालवून पाहिल्या. पहिलीवर टांग मारून पायडल दाबले, तरी अर्धाअधिक फेरा होईपर्यंत मोटार स्वस्थ होती. सारा भार स्वतःच्या पायांनी उचलून झाल्यावर तिने मागून असा धक्का दिला की पुढच्या रिक्षापासून सायकल आवरताना तारांबळ उडाली. पायडल थांबविल्यावरही ती क्षणभर ढकलीतच राहिली. दुसरीचा अनुभव अगदी निराळा होता. पायाचा दाब पडताच तिची मदत सुरू झाली, आणि दाब वाढेल तशी वाढली. मोटार आहे हे जाणवत नव्हते. आपणच वीस वर्षांनी तरुण झालो आहोत, असे मात्र वाटत होते!

फरक मोटारीच्या ताकदीचा नाही. स्वस्त सायकलीतील सेन्सर पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो. महागड्या सायकलीतील सेन्सर पायडलावर जोर किती पडतो ते मोजतो. पहिला हजेरी घेतो, दुसरा काम पाहतो. (आमच्या अनुदानांच्या पद्धतीशी हे साम्य वाचकांना परिचित वाटेल.)

आपल्या केंद्रीय नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, वजनाने ६० किलोच्या आत असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबताच मदत बंद करणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही. परवाना नको, नोंदणी नको. हे योग्यच आहे. परंतु मदत कोणत्या प्रमाणात यावी, याबद्दल ही व्याख्या मुख्यतः वरच्या टोकाचा विचार करते. जपानमध्ये, जेथे यामाहा कंपनीने १९९३ साली अशी सायकल बाजारात आणली, तेथे ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटारीचा जोर माणसाच्या जोराच्या दुपटीहून अधिक असता कामा नये आणि पुढे तो घटत जाऊन २४ किलोमीटरला शून्य व्हावा, असा दंडक आहे. म्हणजे मदतीचे नाते पायाच्या जोराशीच बांधलेले आहे. आपल्याकडे निदान सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे, हे किमतीच्या चिठ्ठीवर छापणे सक्तीचे करण्यास काय हरकत आहे?

करांचा प्रश्न त्या मानाने सुटला आहे. ऑगस्ट २०१९ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत विजेच्या सायकलीवर ५ टक्के आणि साध्या सायकलीवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. निव्वळ स्वतःच्या पायांवर विसंबणाऱ्याने जास्त कर द्यावा, हा न्याय अजब होता. आता दोन्हींवर ५ टक्के आहे. चार्जिंगचा खर्चही क्षुल्लक. सामान्य बॅटरीला अर्धे युनिटदेखील लागत नाही. ज्याचा विचार करावयाचा ती खरेदीची किंमत. कारकुनाच्या पगारात ती अनेक महिन्यांची बचत असते, आणि चुकीची सायकल घरी आली की ती जिन्याखाली पडून राहते.

आमच्या कचेरीतील एक ज्येष्ठ लिपिक परवा अशी सायकल घेण्यास गेले होते. विक्रेत्याने मागचे चाक उचलून ते हवेत गरगर फिरवून दाखविले. हे म्हणाले, "समोरच्या चढावर थांबून पुन्हा सुटून पाहतो." विक्रेता तयार होईना. तेव्हा ते पैसे खिशात तसेच ठेवून बसने परत आले.