‘छावा’ कुणाकडे आहे गं?

“‘छावा’ कुणाकडे आहे गं?” २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या पुस्तक भिशीत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला हा प्रश्न. आमची भिशी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. चौदा जणी, महिन्याला शंभर रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिने जमलेल्या पैशांची पुस्तकं घ्यायची, स्वतः वाचायची आणि मग सगळ्यांत फिरवायची. एरवी पाककृतींची, आरोग्याची, कधी एखादी कथासंग्रहाची मागणी असते. पण १४ फेब्रुवारी २०२५ ला विकी कौशलचा ‘छावा’ चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ सालची कादंबरी एकदम सगळ्यांना हवी झाली. तालुक्याच्या वाचनालयात तर नंबर लागले. ग्रंथपाल हसून म्हणाले, “ताई, जुन्या प्रतीची पानं सुटलीत, तरी बायका म्हणतात तीच द्या.”

मला मनापासून आनंद झाला. सावंत हे आमच्या घरातलं नाव. ते आजऱ्याचे, कोल्हापूरकडचे. कोल्हापुरात शाळेत शिक्षक होते, पुढे पुण्यात ‘लोकशिक्षण’ मासिकाचं संपादन केलं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९६७ मध्ये, त्यांचं ‘मृत्युंजय’ आलं. पुढे ‘छावा’, २००० मध्ये ‘युगंधर’, आणि २००२ मध्ये ते गेले. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. दुपारची भांडी झाली की पदराला हात पुसून वाचनालयाचं ‘मृत्युंजय’ घेऊन बसायची. त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, कृष्ण बोलतो, तशी कर्णाची बायको वृषालीही बोलते. आई म्हणायची, “महाभारतात हिला कुणी विचारलं नव्हतं, यानं विचारलं.” एका वाचकाने लेखकाला याहून मोठी दाद काय द्यायची?

तर सांगायचा मुद्दा असा की, आपण बायका लेखकावर प्रेम करतो ते असं. पुरस्कार बघून नाही, घरातलं माणूस समजून. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तल्या रमाबाईंसाठी आपल्यातल्या कितीजणी रडल्या असतील! ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ वाचून काशीबाई आणि मस्तानी दोघींची बाजू घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. याच इनामदारांनी औरंगजेबावर ‘शहेनशहा’ लिहिली, तीही मराठी वाचकांनी उचलून धरली. कुणी त्यांना विचारलं नाही की शत्रूवर का लिहिलंत म्हणून.

पण या वेळी प्रेमाबरोबर दुसरंही काही आलं, आणि त्याबद्दल आपण बोललं पाहिजे.

आधी जरा मागे जाऊ. संभाजीराजांची आज जी प्रतिमा आपल्या मनात आहे, शूर, विद्वान, संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारे, मरण पत्करलं पण झुकले नाहीत असे राजे, ती आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात तशी नव्हती. त्यांच्या काळात बखरींवर आणि नाटकांवर बेतलेला संभाजी होता, रागीट आणि व्यसनी. ही बखर तरी कधीची? मल्हार रामराव चिटणीसांनी ती लिहिली संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इतिहासकारांनी ती कधीच खोटी ठरवली आहे, तरी अजून एखादी आजी ती सांगते.

हे चित्र बदललं कुणी? वा. सी. बेंद्रे यांनी. आयुष्याची कित्येक वर्षं कागदपत्रं धुंडाळून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्यानंतर एका बाईने, डॉ. कमल गोखले यांनी, याच विषयावर संशोधन करून १९७१ मध्ये ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं. मैत्रिणींनो, हे नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक होतं? मलाही अगदी अलीकडे कळलं, आणि मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली! सावंतांची कादंबरी १९७९ ची. म्हणजे संशोधकांनी शेत नांगरून ठेवलं होतं, कादंबरीकाराने पीक घेतलं आणि ते घराघरात पोचवलं. यात कमी-जास्त कुणी नाही. संशोधकाचा ग्रंथ कपाटात राहतो, कादंबरी उशाशी येते. पण उशाशी आली म्हणून ती इतिहासाचा दाखला होत नाही. दोन माणसं एकांतात काय बोलली याचा कागद नसतो, ते लेखकाला आपल्या मनाने लिहावंच लागतं.

आणि आता तिसरी पायरी, चित्रपट. संशोधनातून कादंबरी, कादंबरीतून चित्रपट. शेकडो पानांचं पुस्तक पावणेतीन तासांत बसवायचं म्हटलं की काय राहणार? लढाया राहणार, शेवटचे हाल राहणार. आमच्या गावच्या टॉकीजमध्ये मी तो बघितला. शेवटी सगळं थिएटर रडत होतं, मीही रडले. पोरं घोषणा देत बाहेर पडली. पुस्तक वाचताना आपण मध्ये कुकरची शिट्टी मोजायला उठतो, रात्री मिटून ठेवतो, दुसऱ्या दिवशी शेजारणीशी बोलतो. राग आला तरी त्याला मुरायला वेळ मिळतो. थिएटरमध्ये तो वेळ नाही. गरम गरम राग घेऊन माणूस रस्त्यावर येतो.

मग काय काय झालं ते आठवा. प्रदर्शनाच्या आधी ट्रेलरमधल्या लेझीमच्या नाचावरून वाद झाला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढला. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावर आक्षेप घेतला, उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्चमध्ये मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या आसपास लोक रात्रीचे बॅटऱ्या घेऊन शेतं खणायला लागले, का तर सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली, तेव्हा तिथे मोगलांचं सोनं पुरलेलं असणार! हसू येतं, पण त्यातली लहान लहान पोरं बघून मला हसवेना. त्याच महिन्यात औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवण्याची मागणी पेटली, आणि १७ मार्चला आंदोलन आणि अफवा यांतून नागपुरात हिंसाचार झाला. संचारबंदी लागली. या सिनेमाने औरंगजेबाविषयीचा राग पुन्हा जागा झाला, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेतही बोलून दाखवलं.

सगळा दोष सिनेमाला देऊन मोकळं व्हायची माझी इच्छा नाही. दंगल पेटवणारे हात वेगळेच असतात, त्यांना निमित्त लागतं. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला, तेव्हा कुठला सिनेमा आला होता? कारण काय, तर शंभर वर्षांपूर्वीच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातलं संभाजीराजांचं चित्रण. त्या चित्रणाला बेंद्र्यांनी पुतळा पाडून उत्तर दिलं नाही. पुस्तक लिहून दिलं, आणि ते टिकलं.

हे सगळं पेपरातलं झालं. पण माझ्यापुरता हा विषय पेपरात राहिला नाही, घरात आला. सांगते.

मार्चच्या भिशीला सगळ्याजणी सिनेमाबद्दल तावातावाने बोलत होत्या. “ते शिर्के मेले घरचे असून फितूर झाले,” एकजण म्हणाली. दुसरीने आणखी दोन शब्द जोडले. मीही मान डोलावली असेन, खोटं कशाला बोलू. आमच्यातल्या एक काकू, साठी ओलांडलेल्या, नेहमी सगळ्यांत आधी बोलणाऱ्या, त्या दिवशी गप्प होत्या. चहा अर्धा ठेवून उठल्या. एप्रिलला आल्याच नाहीत. पैसे मात्र सुनेच्या हाती पाठवले.

मी घरी गेले. आधी गुडघ्याचं कारण सांगितलं. मग म्हणाल्या, “अगं, माझं माहेर शिर्क्यांचं. चाळीस वर्षांवर झाली या घरात येऊन, कुणी माहेरचं आडनाव काढलं नव्हतं. परवा नातवाने विचारलं, आजी, तू त्यांच्यातली का गं? सहावीत आहे. शाळेत पोरं बोलली असतील काहीतरी.”

मला काय बोलावं सुचेना. आठवलं ते बोलले, “काकू, येसूबाईसुद्धा माहेरच्या शिर्केच होत्या की.”

“ते मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “मी ‘छावा’ तुझ्या आधी वाचलाय. लग्नाआधी, माहेरी. वडिलांनीच आणला होता. तेव्हा आम्हा कुणाला कमीपणा वाटला नाही.”

घरी येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजी शिर्क्यांची लेक, आणि तिचा भाऊ गणोजी हा शिवाजी महाराजांचा जावई. वतनावरून शिर्के नाराज झाले, मोगलांकडे गेले, हा इतिहास. पण १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी राजांना पकडून देण्यात नेमका कुणाचा हात होता, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आणि येसूबाईंनी काय केलं? राजांच्या हत्येनंतर आपल्या सात वर्षांच्या शाहूला गादीवर बसवायचा हट्ट न धरता दीर राजारामांना पुढे केलं, त्यांना रायगडाबाहेर काढलं, स्वतः मुलासह मागे राहिल्या. गड पडला, कैदेत गेल्या. सुटून आल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! माहेर एकीकडे, सासर एकीकडे, आणि ही बाई दोन्हीचं ओझं वाहत शत्रूच्या छावणीत. सिनेमा जिथे संपतो, तिथून तिची कथा सुरू होते. त्यावर कोण घोषणा देणार?

माहेरच्या आडनावावरून बोलणं खाणं हे आपल्याला काही नवीन नाही. “तुमच्याकडचे असेच” हे वाक्य कुठल्या सुनेने ऐकलं नाही? पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा हिशेब आजच्या सहावीतल्या पोराकडे मागायचा, हे सावंतांवरचं प्रेम नव्हे. ज्या लेखकाने आयुष्यभर कर्णासारख्या, संभाजीराजांसारख्या बदनाम झालेल्या माणसांची बाजू मांडली, त्याचं पुस्तक हातात धरून आपण दुसऱ्या कुणाला बदनाम करायचं?

आणखी एक कबुली. त्या दिवसांत ‘छावा’ची पीडीएफ मोबाइलवर फिरत होती. मीही ती तीन ग्रुपवर पुढे पाठवली, वर लिहिलं, ‘अवश्य वाचा’. माझ्या लेकीने टोकलं, “आई, ही चोरी आहे.” आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा असतो. म्हणजे सावंतांच्या पुस्तकांचा २०६२ पर्यंत. लेखकाला घरातलं माणूस म्हणायचं आणि त्याच्याच घरचा हक्काचा पैसा बुडवायचा, याला काय म्हणावं? मी ती काढून टाकली आणि तिन्ही ग्रुपवर माफी मागितली. पुस्तक महाग वाटत असेल तर वाचनालय आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, म्हणजे ‘मृत्युंजय’च्याच वर्षाचा. गावातलं वाचनालय आपल्या वर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर कसंबसं चालतं. सभासद वाढले तर तेही तगेल.

मे महिन्यात चिठ्ठी माझी निघाली. आम्ही ठरवलं, ऐतिहासिक कादंबरी वाचायची तर तिच्याबरोबर त्याच विषयावरचं एक तरी संशोधनाचं पुस्तक ठेवायचं, वाचनालयातून आणून का होईना. आणि वाचताना समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह टाकायचं, हे खरंच घडलं का? (पुस्तक भिशीचं असेल तरच हं, वाचनालयाचं नको!) उत्तर मिळेलच असं नाही. प्रश्न पडला तरी पुष्कळ झालं. मुलांनाही शेजारी बसवायचं, कारण प्रश्न विचारायची सवय घरीच लागते.

तो निरोप घेऊन मी पुन्हा काकूंकडे गेले. मार्चमध्ये बोललेल्या दोघीही बरोबर आल्या. माफी वगैरे शब्द कुणी काढला नाही, पण एकीने येताना पुरणपोळ्या आणल्या होत्या. काकूंनी ताट वाढलं, आणि जूनपासून त्या भिशीला यायला लागल्या. येसूबाईंबद्दल बोलायचं काम आम्ही त्यांच्याकडेच दिलं. तासभर बोलल्या, एक कागद न बघता.

परवा नव्याने आलेल्या एका सुनेने विचारलं, “‘छावा’ कुणाकडे आहे हो?”

“माझ्या नातवाकडे,” काकू म्हणाल्या. “सावकाश वाचतोय. थांब जरा.”