तिसरा पेला

दिवाळीची सुटी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सहल-कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत अलीकडे वाळवंटालाही मानाचे स्थान मिळाले आहे. दुबईच्या वाळूच्या टेकड्या, जॉर्डनमधील पेट्रा आणि वादी रम, इजिप्तचे सिनाई. आणि या सर्वांच्या जोडीला वरकड म्हणून एक 'अनुभव'. वाटाड्याबरोबर उंटावरून रपेट, काळ्या तंबूपुढे शेकोटी, आणि वेलदोडे घातलेली कडू कॉफी ओतणारा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला हसतमुख बेदुईन. भटक्यांचे अस्सल जीवन एका रात्रीपुरते जगून पाहा, असे ते आमंत्रण असते. दर माणशी किती, हे तळाशी बारीक अक्षरांत.

वाळवंट पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. परका मुलूख पाहावा, परक्याच्या पंगतीला बसावे, ही माणसाची जुनी आणि निरोगी इच्छा आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्या समाजाचे जीवन आज 'अनुभव' म्हणून विकायला मांडले आहे, त्या समाजाला ते जीवन जगण्याचा अधिकार त्याच भूमीवर नाकारला गेला आहे. नाकारणारे हात आणि विकणारे हात पुष्कळदा एकच आहेत. आणि गिऱ्हाईक म्हणून तेथे जाऊन बसणारे आपण मध्यमवर्गीय हे साधे सत्यही विचारून घेत नाही.

प्रथम त्या पाहुणचाराचाच विचार करू, कारण विक्रीस ठेवलेला मुख्य माल तोच आहे. बेदुईनाचे आतिथ्य हा त्याचा गोड स्वभाव आहे, असे जाहिरात सांगते. वस्तुतः तो वाळवंटाचा कायदा होता. दारी आलेल्या अनोळखी माणसाला, त्याचे नावगाव न विचारता, तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस आसरा द्यायचा. मग तो वैऱ्याच्या टोळीतला का असेना. आज माझ्या तंबूत पाणी आहे, उद्या मी तुझ्या तंबूपाशी तहानेने कोसळेन, या परस्पर जाणिवेवर ही व्यवस्था उभी होती. जेथे सरकार नव्हते, विमा नव्हता, दवाखाना नव्हता, तेथे आतिथ्य हाच विमा होता. त्याला जोडून चराईचे नियम होते. विशिष्ट कुरणे विशिष्ट काळ राखून ठेवण्याची, आपल्याकडच्या गायरानाशी नाते सांगणारी 'हिमा' नावाची पद्धत होती. विहीर कोणाची, तीवर पहिला हक्क कोणाचा, कोणत्या ऋतूत कोणी कोठे उतरायचे, हे ठरलेले होते. थोडक्यात, पाहुण्याला कॉफी पाजणारा तो माणूस कुरणाचा आणि पाण्याचा वाटेकरी होता. यजमान होण्यासाठी आधी घर लागते. बेदुईनाचे घर म्हणजे केवळ शेळीच्या केसांचा तंबू नव्हे; त्या तंबूभोवतीचा सारा चराईचा मुलूख हे त्याचे घर होते.

त्या घराचे काय झाले?

पेट्रापासून सुरुवात करू. नबाती लोकांनी गुलाबी खडकात कोरलेल्या या नगरीचा 'शोध' १८१२ मध्ये बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने लावला, असे पुस्तके सांगतात. ज्या स्थानिक वाटाड्याच्या पाठोपाठ तो तेथे पोहोचला, त्याला ती जागा हरवलेली आहे हे ठाऊकच नव्हते! या गुहांमधून अल्-ब्दूल जमातीची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत होती. शेळ्या पाळत होती, ओघळींच्या काठी थोडे धान्य पिकवीत होती. १९८५ मध्ये पेट्रा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच वर्षी ब्दूलांना गुहांतून उठवून जवळच्या उम्म सैहून या नव्या वसाहतीतील काँक्रीटच्या घरांत नेऊन बसविण्यात आले. अवशेषांचे रक्षण व्हायला हवे, हे खरे. परंतु अवशेष राखायचे तर त्यांत राहणारी माणसे हलवावी लागतात, पर्यटकांचे लोंढे मात्र चालतात, हा न्याय कोणता? ती वसाहत चहूबाजूंनी संरक्षित क्षेत्राच्या हद्दींनी जखडलेली आहे. कुटुंबे वाढली, जागा वाढली नाही. ज्या दरीत त्यांच्या आज्या चूल पेटवीत, तेथेच आज त्यांची मुले परक्यांच्या मागे धावून चित्रकार्डे आणि मण्यांच्या माळा विकतात. या मुलांकडून काही विकत घेऊ नका, अशी सूचना पुन्हा पर्यटकांना केली जाते.

याच्या पुढचा अंक तर एखाद्या प्रहसनात शोभावा असा आहे. २००५ मध्ये त्याच युनेस्कोने पेट्रा व वादी रम येथील बेदुईनांच्या 'सांस्कृतिक अवकाशा'ला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले. २००८ मध्ये त्याची अमूर्त वारशाच्या यादीत रीतसर नोंदही झाली. गुहांतले जगणे, शेळ्यांची राखण, तंबूंची विणकर, वाटा शोधण्याची विद्या, हे सारे जपण्याजोगे ठरले. वीस वर्षांपूर्वी दगड हा वारसा होता आणि माणूस ही अडचण. माणूस उठवून झाला, आणि मग त्याचे जगणे वारसा ठरले. जिवंतपणी बेदखल करायचे आणि नंतर त्याच्या तसबिरीला हार घालायचा, ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

पश्चिमेला नकब, म्हणजे इस्रायलच्या भाषेतील नेगेव, येथे तर प्रहसनाचा पडदाही उरलेला नाही. १९४८ च्या युद्धानंतर तेथील बेदुईनांपैकी सुमारे ११,००० उरले. बाकीचे हाकलले गेले किंवा जीव वाचवण्यासाठी पळाले. उरलेल्यांना 'सियाग', म्हणजे कुंपण, या नावाच्या पट्ट्यात कोंडून १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली ठेवले गेले. १९५० मध्ये काळ्या शेळ्यांच्या चराईवर निर्बंध घालणारा कायदा झाला. शेळी रानाचा नाश करते, हे कारण. शेळी गेली की केस गेले, केस गेले की तंबू गेला, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. १९६५ च्या नियोजन कायद्याने नकाशे काढले, त्यांत बेदुईनांची खेडी काढलीच नाहीत. आणि जे नकाशावर नाही ते बेकायदा ठरले. मोशे दायान यांनी १९६३ मध्ये शेतीमंत्री असताना हेतू स्पष्टच सांगितला होता: बेदुईनाला शहरी मजूर करावे, म्हणजे दोन पिढ्यांत बेदुईन ही गोष्टच नाहीशी होईल. आजही पस्तीसच्या आसपास खेडी मान्यतेविना आहेत. अल्-अराकीब हे खेडे २०१० च्या जुलैत प्रथम जमीनदोस्त करण्यात आले. त्यानंतर ते दोनशेहून अधिक वेळा पाडले गेले आणि प्रत्येक वेळी लोकांनी खांब रोवून पुन्हा उभे केले. उम्म अल्-हीरानच्या लोकांना १९५६ मध्ये लष्करी प्रशासनानेच मूळ जमिनीवरून उठवून तेथे आणले होते. त्या जागी ज्यूंची नवी वस्ती वसवायची म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात ते खेडे अखेर पुसले गेले. आणि याच नकबमध्ये 'बेदुईन आतिथ्या'चे तंबू पर्यटकांसाठी दिमाखात उभे आहेत. गिऱ्हाइकाचा तंबू कायदेशीर, राहत्या माणसाचा बेकायदा!

यात केवळ इस्रायलच दोषी आहे आणि अरब राजवटी मात्र आपल्या भावंडांना जपतात, असा भ्रम कोणी बाळगू नये. १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा चित्रपट पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. वादी रमची कीर्ती जगभर पोहोचवली ती त्यानेच. त्यात अँथनी क्विन याने साकारलेला दिलदार सरदार औदा अबू तायी हा हुवैतात टोळीचा. १९१७ मध्ये अकबा जिंकणाऱ्यांत तो आघाडीवर होता. त्याच हुवैतातांच्या सौदी अरेबियातील मुलखात, तांबड्या समुद्राच्या काठी, २०१७ मध्ये 'निओम' या अजस्र नव्या नगरीची घोषणा झाली. घर सोडणार नाही असे सांगणाऱ्या चित्रफिती प्रसिद्ध करणारे अब्दुल रहीम अल्-हुवैती २०२० च्या एप्रिलमध्ये सौदी सुरक्षा दलांच्या गोळीबारात मारले गेले. २०२२ मध्ये त्याच टोळीतील तिघांना मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. टोळीच्या पूर्वजावर जग टाळ्या वाजवते. वंशज मात्र आपल्याच घराच्या उंबरठ्यावर गुन्हेगार ठरतो.

आणि दुबई? आपल्या मराठी सहलींचा सर्वांत मोठा ओघ तेथे जातो. तेथे नाटकाला मूळ पात्रांचीही गरज उरलेली नाही. सायंकाळी वाळूवरून भरधाव मोटारी उडवायच्या, मग 'बेदुईन छावणी'त मेंदी, हुक्का आणि पोटनृत्य. हे नृत्य कैरोच्या करमणूकगृहांतून आलेले. बेदुईन तंबूशी त्याचा संबंध नाही. मोटार चालविणारा बहुधा पाकिस्तानचा, वाढपी केरळचा किंवा नेपाळचा, आणि त्या सर्वांचा राहण्याचा परवाना मालकाच्या मर्जीशी जखडलेला. म्हणजे पोटासाठी घरदार सोडलेला आपलाच मजूर, घर हरवलेल्या बेदुईनाचा अंगरखा चढवून, आपल्यालाच खजूर वाढतो. भांडवलशाहीने विस्थापितांची याहून अचूक सांगड क्वचितच घातली असेल.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: पर्यटनाने त्यांना भाकरी दिली. ते खोटे नाही, आणि म्हणूनच ते झटकून टाकता येत नाही. वादी रममधील अनेक कुटुंबे आज जीपगाडी, उंट आणि छावणी यांवर जगतात. वाटाड्याचे काम ही खरी विद्या आहे आणि तिचा मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु ही भाकरी कोणाच्या हातात आहे ते पाहा. २०११ मध्ये अरब देशांत उठाव झाले, २०२० मध्ये महामारी आली, २०२३ च्या ऑक्टोबरात गाझाचे युद्ध पेटले. प्रत्येक वेळी पर्यटक एका आठवड्यात अदृश्य झाला. पूर्वी अवर्षण आले तर कळप दुसऱ्या कुरणाकडे नेता येत असे. आता कळप विकून जीप घेतलेली, जीपवर कर्ज काढलेले आणि कुरण संरक्षित क्षेत्रात गेलेले. शहरातल्या कंपनीचा फार तर नफा घटतो, वाटाड्याची चूल विझते. जोखीम त्याची आणि मलई दुसऱ्याची, या व्यवहाराला उपकार म्हणण्याचा निलाजरेपणा तरी करू नये.

दुसरे उत्तर अधिक साळसूद आहे: मग काय त्यांनी जन्मभर तंबूतच राहावे? त्यांना शाळा, वीज, दवाखाना नको काय? हवाच. आम्ही भटकेपणाची पूजा मांडलेली नाही. टोळीचे जीवन म्हणजे स्वर्ग नव्हता. रक्ताचे सूड होते, बालमृत्यू होते, आणि बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाखाली होता. पर्यटनाने त्यातही भर घातली. तंबूचे कापड विणणारी बाई, कळप राखणारी बाई. जीपची किल्ली मात्र पुरुषाच्या हाती आली. पर्यटकासाठी रांधणारे तिचे हात पडद्यामागेच राहिले, आणि पैशाशी तिची गाठ पडली नाही. तेव्हा बदल नको असे कोण म्हणतो? प्रश्न एवढाच आहे की बदल कोणी ठरवायचा. नळाचे पाणी हवे असेल तर कुरणावरचा हक्क सोड, मुलाला शाळेत घालायचे तर घर मोडू दे, हा सौदा झाला, प्रगती नव्हे. आणि खरी गंमत अशी की बेदुईनाने तंबूत राहावे असा हट्ट आम्ही धरत नाही, पर्यटन-व्यवसाय धरतो. त्याने घरी काँक्रीटमध्ये राहावे आणि दिवसभर तंबूत बसल्याचे सोंग करावे, अशी त्याची मागणी आहे. वादी रममध्ये तर आता मंगळावरच्या वस्तीसारखे दिसणारे, वातानुकूलित घुमट उभे राहिले आहेत. उद्या गिऱ्हाइकाची लहर फिरली तर तंबूचे सोंगही नको होईल.

मार्ग नाही असे नाही. सिनाईमध्ये २०१५ साली बेदुईन टोळ्यांनी स्वतः एकत्र येऊन 'सिनाई ट्रेल' ही पायवाट सुरू केली. २०१८ पर्यंत तीत आठ टोळ्या सामील झाल्या आणि वाट सुमारे ५५० किलोमीटर लांब झाली. एका टोळीची हद्द संपली की तिचा वाटाड्या थांबतो आणि पुढच्या टोळीचा वाटाड्या पुढे होतो. म्हणजे पाहुण्याच्या प्रत्येक पावलागणिक ही भूमी कोणाची आहे, हे मान्य केले जाते. हा प्रयोग लहान आहे आणि इजिप्तच्या सरकारी अंमलाच्या छायेतच चालतो. तरीही दिशा हीच. वाटाड्या कोणाचा नोकर आहे, यापेक्षा तो कोणत्या भूमीचा धनी आहे, हा प्रश्न मोठा आहे.

म्हणून जाणाऱ्यांनी अवश्य जावे. पण पैसे मोजण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. छावणी कोणाच्या मालकीची आहे? वाटाड्या त्याच मुलखातला आहे काय? आपल्या पैशातला किती वाटा त्याच्या, आणि त्याच्या घरातील बाईच्या, हाती पडतो? जेथे छावणी उभी आहे तेथे पूर्वी कोण राहत होते, आणि ते आज कोठे आहेत? सहल-कंपनीचा प्रतिनिधी गोंधळेल, गोंधळू द्या. गायरानावरून हुसकलेल्या मेंढपाळाची हकीकत ज्या मराठी माणसाने ऐकली आहे, त्याला हे प्रश्न सुचायला वाळवंटात जावे लागू नये.

शेवटी पुन्हा त्या कॉफीकडे वळू. बेदुईन रिवाजात पाहुण्याला तीन पेले देतात. पहिला पाहुण्याचा, दुसरा सुखाचा. आणि तिसरा तलवारीचा. जो तिसरा पेला पितो, त्याने यजमानावर हल्ला झाला तर त्याच्या बाजूने उभे राहायचे असते. जाहिरातीतल्या तंबूत बसून आपण पहिले दोन पेले मिटक्या मारीत पितो, छायाचित्र काढतो आणि उठतो. यजमानावरील हल्ला कधीच सुरू झाला आहे. तिसरा पेला समोर तसाच पडून आहे.