उजवीकडची आणि डावीकडची जागा



या सदरात आपण बहुतेक वेळा वाणसामानाचं, मुलांच्या अभ्यासाचं, सासर-माहेरच्या देण्याघेण्याचं बोलतो. आज मात्र जरा वेगळा विषय घेते आहे. एका वाचक भगिनीचं पत्र बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. दर आठवड्याला काढते, वाचते आणि पुन्हा ठेवते. उत्तर सोपं नाही म्हणूनच.

ही भगिनी ख्रिस्ती आहे. तालुक्याच्या गावी राहते. तिचे यजमान तीन वर्षांपासून मंडळीचे पंच आहेत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर आहेत. पूर्वी त्यांच्या घरी रात्रीची जेवणं झाली की सगळे मिळून दहा मिनिटं प्रार्थना करत. आता त्या वेळेला बैठका असतात, नाहीतर फोन. मंडळीत दोन तट पडले आहेत. जिच्याशी हिची रोज भाजीची वाटी देवघेव होती ती शेजारीण दुसऱ्या तटातली, म्हणून बोलणं बंद. नाताळच्या कार्यक्रमात पहिल्या बाकावर कोणी बसायचं यावरूनसुद्धा कुरबुर झाली. ही म्हणते, सोडून द्या ते पद. यजमान म्हणतात, मी सोडलं तर दुसरे लोक सगळं ताब्यात घेतील, मग देवाचं काम कोण करणार? आणि सासूबाई म्हणतात, ख्रिस्ती बाईनं नम्र असावं, पुरुषांच्या कामात बोलू नये. तिनं विचारलं आहे की आमच्यात चुकतं कोणाचं?

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती घरातला आहे असं कोण म्हणेल? आपली भजनी मंडळं, देवळांचे ट्रस्ट, गणेशोत्सवाच्या कमिट्या डोळ्यांपुढे आणा. देव एका बाजूला आणि अध्यक्षपद एका बाजूला, असं किती वेळा होतं! मात्र पत्र ख्रिस्ती भगिनीचं आहे, म्हणून उत्तरही तिच्याच घरातलं शोधावं असं मला वाटलं, आणि मी शुभवर्तमान काढून बसले.

मत्तयाच्या शुभवर्तमानात एक आई भेटते. तिचं नाव तिथं दिलेलं नाही. जब्दीची बायको, याकोब आणि योहान यांची आई, एवढीच तिची ओळख. ती दोन्ही मुलांना घेऊन येशूकडे येते, पाया पडते आणि मागणं मागते. तुमचं राज्य येईल तेव्हा माझ्या एका मुलाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसवा. मला ती बाई फार ओळखीची वाटली. मुलाच्या नोकरीसाठी साहेबांच्या घरी पेढे घेऊन जाणारी आई आणि ती, दोघींत फरक काय? येशू तिच्यावर रागावत नाही. तुम्ही काय मागता ते तुम्हांला कळत नाही, एवढंच सांगतो. बाकीचे दहा शिष्य मात्र त्या दोघा भावांवर चिडतात. का चिडतात हे आपल्याला सांगायला नको! तेव्हा तो सगळ्यांना जवळ बोलावून समजावतो की जगातले अधिकारी लोकांवर हुकमत चालवतात, तुमच्यात तसं असू नये. ज्याला मोठं व्हायचं असेल त्यानं इतरांची सेवा करावी.

गोष्ट इथंच संपत नाही. पुढे येशूला वधस्तंभावर दिलं, तेव्हा त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे दोन लुटारू होते. आणि लांबून पाहणाऱ्या बायकांमध्ये हीच आई उभी होती, असं मत्तयानंच लिहून ठेवलं आहे. आपण कोणत्या जागा मागितल्या होत्या हे तिला त्या दिवशी कळलं असेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक शिष्य पळून गेले होते. ही तिथंच राहिली. जागा मागणारी बाई जागेवाचून उभी राहायला शिकली होती.

त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट योहानानं सांगितली आहे. जेवणाच्या वेळी येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवू लागला. बाहेरून आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी नेऊन देण्याचं काम आपल्याकडे कोणाचं असायचं? घरातल्या सुनेचं. तिकडे ते नोकराचं. गुरूनं ते हातात घेतलं म्हणून पेत्राला कसंसंच झालं आणि तो नको नको म्हणू लागला. आपल्याकडे हातात सत्ता असलेला माणूस खाली बसला की पाहणाऱ्यांची अशीच अडचण होते.

आता कोणी म्हणेल, या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टी, आज असं कोण करतं? म्हणून आपल्या मराठी मुलखातलंच उदाहरण देते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या आहेत. माझ्या वर्गातल्या मुलींना मी आजही शिकवते. त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग, जात, सगळं तुटलं. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचं बस्तान बसलं. धर्मोपदेशक म्हणून मान मिळाला. 'ज्ञानोदय' या जुन्या पत्राचं मराठी संपादन हाती होतं. मिशनचा आधार, पगार, नाव, सगळं होतं. त्या काळी मिशनच्या मागे गोऱ्या लोकांचं वजन होतं, हेही विसरून चालणार नाही.

आणि १९१७ साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, टिळकांनी ते सगळं सोडलं. मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्त आपल्या लोकांपर्यंत पोचायचा तर तो पगाराच्या आणि परक्या सत्तेच्या खांद्यावरून नव्हे, साधुसंतांच्या वाटेनं, असं त्यांना वाटे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. उजवी-डावी जागा कोणालाच राखून ठेवलेली नव्हती.

त्यांना पुढे पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. दरबार संस्था म्हणून काही मोठा झाला नाही. पण त्यांची भजनं आणि पदं आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायली जातात. टिळक गेले त्या वर्षी मिशनच्या कमिटीवर कोण कोण होतं, हे आज किती जण सांगू शकतील?

इथं तुम्ही मला थांबवाल. म्हणाल, ताई, पुरुषांनी पगार सोडावा, संन्यास घ्यावा, आणि चूल कोणी पेटवायची? बरोबर आहे. मीही घर चालवते, महिन्याच्या वीस तारखेनंतर पैसे कसे पुरवायचे ते मला ठाऊक आहे. म्हणून टिळकांबरोबर लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालं. अजून वाचलं नसेल तर वाचनालयातून जरूर आणा. शाळेत न गेलेल्या या बाईनं नवऱ्याचा तापट स्वभाव लपवलेला नाही, आणि हातातले पैसे कोणालाही देऊन मोकळं होण्याची त्याची खोडही लपवलेली नाही. हसत हसत सांगितलं आहे, पण सांगितलं आहे.

आणि त्यात आपल्या विषयाला धरून एक फार मोठी गोष्ट आहे. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. त्या काळच्या नवऱ्याच्या हातात केवढी सत्ता होती ते आपण जाणतो. पण नवऱ्याचा धर्म म्हणून लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला नाही. जातपात माणसानं केलेली आहे हे त्यांच्या मनाला आपलं आपण पटलं, सोवळं आपोआप गळून पडलं, आणि १९०० सालच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या इच्छेनं बाप्तिस्मा घेतला. हुकमानं बाई देवळात येईल, पण तिचं मन येणार नाही. पुढे टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लिहीत नेण्याचं काम याच बाईनं केलं. मनानं आलेलं माणूस असं शेवटपर्यंत साथ देतं.

बायकांपैकी कोणी सत्ता सोडली का, असं विचाराल तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' पदवी दिली. इंग्लंड-अमेरिकेत त्यांची व्याख्यानं गाजली. व्यासपीठ त्यांना कुठंही मिळालं असतं. त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्तिसदन उभारलं, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा तिथं सांभाळल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलाचं सोपं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं हा हेतू. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते पुस्तक त्यांच्यामागे लोकांच्या हातात पडलं.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ या. सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. टिळकांच्या हातात पद होतं, ते त्यांनी सोडलं. रमाबाईंच्या हातात कीर्ती होती, ती त्यांनी मागे टाकली. ज्या बाईच्या हातात घरखर्चाचे दोन रुपयेसुद्धा नाहीत, जिला बोलायची चोरी आहे, तिला 'तू नम्र हो, सत्तेचा मोह सोड' असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं पुण्य सांगण्यासारखं आहे. आणि मार सोसणं म्हणजे अध्यात्म नव्हे, हेही स्पष्ट लिहिते. येशूनं शेवटच्या जागेवर बसायला सांगितलं ते पुढच्या जागेकडे डोळा लावून बसलेल्यांना. एक परक्या जातीची बाई आजारी मुलीसाठी त्याच्याकडे आली, त्यानं आधी नाही म्हटलं, तर तिनं त्याला उलट उत्तर दिलं. त्यानं तिला गप्प बस म्हटलं नाही. तिच्या विश्वासाचं कौतुक केलं आणि तिची मुलगी बरी झाली. तेव्हा सासूबाईंना इतकंच सांगावंसं वाटतं की नम्रता वेगळी आणि मुकेपणा वेगळा.

मग पत्र पाठवणाऱ्या भगिनीनं काय करावं? 'आजच राजीनामा द्या' असा हट्ट धरू नये. हट्टानं राजीनामा मिळवला तर घरात दुसरी सत्ता सुरू झाली, एवढंच! यजमान म्हणतात त्यातही तथ्य आहे. हिशेब कोणीतरी ठेवायलाच हवा, छप्पर गळलं तर कोणीतरी गवंडी बोलवायलाच हवा. काम वाईट नाही. काम कधी संपलं आणि खुर्ची कधी सुरू झाली हे ओळखणं अवघड आहे. त्यासाठी मला तीन प्रश्न सुचतात. घरात शांतता असेल अशा वेळी, मुलं झोपल्यावर, ते यजमानांपुढे ठेवावेत.

पहिला, आपण पद सोडलं तर काम थांबेल, की फक्त आपलं नाव थांबेल? दुसरा, हेच काम कोणाला न कळता करायचं असेल तर आपण करू का? तिसरा, आपल्या अधिकारामुळे घरात आणि मंडळीत कोण कोण गप्प झालं आहे?

उत्तरं लगेच मागू नयेत. प्रश्न मुरू द्यावेत, लोणच्यासारखे. मुदत संपेपर्यंत काम चोख करावं, हिशेब सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, आणि पुढच्या वेळी उभं राहू नये, असा मधला मार्ग त्यांना स्वतःलाच सुचेल असं मला वाटतं.

तोवर तिच्या हातात जे आहे ते तिनं थांबवू नये. रात्रीची दहा मिनिटांची प्रार्थना मुलांना घेऊन पुन्हा सुरू करावी. यजमानांची जागा मोकळी ठेवावी, टोमणा मारू नये. आणि शेजारणीकडे भाजीची वाटी पाठवावी. कोणत्या तटाची म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून. वाटी रिकामी परत आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवावी.

हीच तपासणी आपण बाकीच्यांनीही करायला हरकत नाही. भिशीत शेवटचा शब्द आपलाच हवा असतो का? हळदीकुंकवाला कोणाला आधी बोलावलं यावर मन कडू होतं का? कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हाती देताना हात जड होतो का? देव्हाऱ्यासमोर आपण रोज बसतो. उठल्यावर आपण कशाच्या मागे धावतो, तेही एकदा पाहावं.

भगिनीनं पुढे काय झालं ते जरूर कळवावं. आणि हो, पुढच्या खेपेला मुलांच्या परीक्षेच्या दिवसांतल्या खाण्यापिण्याबद्दल बोलू. त्याबद्दलची तुमचीही बरीच पत्रं साठली आहेत.