गाजरगवताच्या विळख्यात वऱ्हाडची गायराने

मृगाच्या सरी कोसळल्या की वऱ्हाडातील माळराने हिरवी होतात. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला ही हिरवळ सुखावते. ढोरक्याला मात्र ती फसवू शकत नाही. गाजरगवत, तरोटा आणि रानतुळस यांनी व्यापलेल्या पट्ट्यात गुरे सहसा तोंड घालत नाहीत. दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह पाळला जातो. व्याख्याने होतात, चार ठिकाणचे तण उपटले जाते आणि पुढच्या पावसाळ्यात ते त्याच जागी पुन्हा उभे राहते. त्यामुळे मोहिमेचा रोख तणावर असावा की तण माजू देणाऱ्या जमिनीच्या अवस्थेवर, याचा विचार होणे आवश्यक आहे.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. आयात गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'काँग्रेस गवत' या नावानेही ते ओळखले जात असले तरी ते गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील ती वनस्पती आहे. उगवल्यापासून साधारण महिनाभरात ती फुलावर येते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. तिच्यातील पार्थेनिन या विषारी द्रव्यामुळे माणसांना त्वचाविकार जडतात. चाऱ्याबरोबर ती जनावरांच्या पोटात गेल्यास दुधालाही कडवटपणा येतो.

या आक्रमणाची खरी झळ बसते ती 'ई-क्लास'ला. गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन वऱ्हाडात या नावाने ओळखली जाते. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन वाढल्याने कडबा दुर्मीळ झाला. सोयाबीनचे कुटार त्याची जागा पूर्णपणे भरून काढू शकत नाही. ज्याच्याकडे शेत नाही, पण दोन शेळ्या आणि एक म्हैस आहे, त्याचा आधार म्हणजे ही जमीन. अतिक्रमणांनी ती आक्रसली आणि जी उरली ती तणाने खाल्ली.

उपाय आहेत, पण मर्यादाही

मेक्सिकोतून १९८३ मध्ये भारतात आणलेला झायगोग्रामा हा भुंगा गाजरगवताची पाने फस्त करतो. पावसाळ्यात त्याचे काम जोमाने चालते. पावसाळा सरला की तो जमिनीत सुप्तावस्थेत जातो. गाजरगवत मात्र ओल मिळाली की कोणत्याही ऋतूत उगवते. तणनाशकांची अडचण वेगळी आहे. ग्लायफोसेट तणासोबत चांगल्या गवताचाही बळी घेते. टू-फोर-डी गवताला फारसा अपाय न करता रुंद पानांचे तण मारते. परंतु त्याचे तुषार वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले तर पिकाची पाने आकसतात. कपाशीच्या मुलखात हा धोका पत्करणे परवडणारे नाही. गाजरगवताला अटकाव करण्यासाठी तरोटा पेरण्याचाही सल्ला दिला जातो. रस्त्याच्या कडेला तो योग्य ठरेल. गायरानात मात्र एक निरुपयोगी तण जाऊन दुसरे येते, गुरे उपाशीच राहतात.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताने हाच शत्रू कुरणांत अनुभवला. तेथेही कीटक सोडण्यात आले. त्याचबरोबर चराई मर्यादित ठेवून गवताचे आच्छादन दाट राखण्यावर भर देण्यात आला. जमीन गवताने झाकलेली असेल तर गाजरगवताच्या रोपाला डोके वर काढणे कठीण जाते. अतिचराईने उघडी पडलेली जमीन मात्र त्याला आयते आमंत्रण देते.

मेळघाटचा धडा

या तत्त्वाचा प्रत्यय घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे पुनर्वसित झाल्यावर त्यांची शेते मोकळी झाली. अशा पडीक जमिनीवर आधी तणे माजतात. ती आपोआप कुरणे होत नाहीत. तेथे तणे फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटणे, स्थानिक गवतांचे बी गोळा करून पसरणे आणि हे काम वर्षानुवर्षे सुरू ठेवणे, या मार्गाने कुरणे उभी राहिली. डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्या गवत-अभ्यासकांचे मार्गदर्शनही या कामाला लाभले. चितळ आणि सांबरांना चारा मिळाला, म्हणजे पर्यायाने वाघाची सोय झाली.

मेळघाटात जे घडले ते पायथ्याच्या गावांत का घडत नाही? जंगलातील कुरणाला जबाबदार यंत्रणा आहे, दरवर्षीचा कार्यक्रम आहे आणि गुरांना मज्जाव करण्याचा अधिकारही आहे. ई-क्लासची मालकी शासनाची, देखरेख ग्रामपंचायतीची आणि वापर सर्वांचा. त्यामुळे राखण कोणाचीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामूहिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतर राज्य शासनाने निर्णयही काढला. परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीवर गवत कोण वाढविणार, हा प्रश्न तसाच राहतो.

गायरानाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने एक भाग चराईस बंद ठेवणे, फुलोऱ्यापूर्वीची तणकाढणी व गवताची पेरणी रोजगार हमीच्या कामांशी जोडणे आणि कापलेल्या चाऱ्यावर राखण करणाऱ्यांचा पहिला हक्क ठरविणे, यांत अशक्य असे काही नाही. चराई बंद ठेवलेल्या काळात भूमिहीनाच्या शेळ्यांनी खायचे काय, याचे उत्तर मात्र ग्रामसभेला आधी द्यावे लागेल. ते न देता घातलेले कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात मोडेल. वाघाच्या भक्ष्यासाठी जे श्रम घेतले जातात, त्यांचा काही अंश गावच्या म्हशीच्या वाट्याला येतो की नाही, यावर वऱ्हाडातील गायरानांचे भवितव्य अवलंबून आहे.